टबातलं बाळ

एफ्रेमच्या सोलांजला मी-कारेमच्या सणात फसवून दाखवलं, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस आमच्या बेटावर त्या वर्षापर्यंत तरी जन्माला आला नव्हता.

ईस्टरआधीचे उपास निम्मे सरले, की आमचं अख्खं गाव वेष पालटून घरोघर हिंडायला निघतं. त्याला मी-कारेम म्हणतात. तोंडावर जुना पडदा बांधायचा, पोटावर उशी, पायात दुसऱ्याचे बूट. बोलायचं ते श्वास आत ओढत, म्हणजे सख्ख्या आईलाही आवाज ओळखू येऊ नये. ज्यांच्या घरी जायचं त्यांनी टेबल-खुर्च्या हलवून भिंतीला बाकं लावून ठेवलेली असतात. त्यांनी ओळखायचं. ओळखलं तर पडदा काढायचा आणि घरी गाळलेल्या बगोस दारूचा पेला घ्यायचा. तीन वेळा चुकलं तर आलेला जिंकला. तो पडदा न काढता निघून जातो, आणि मग त्याला बाहेर कुठंही, कधीही, ‘तूच होतास ना रे?’ असं विचारायचं नाही. पडद्याआडून तो जे बोलला तेही त्याच्या तोंडावर काढायचं नाही. या बाबतीत आमच्याकडे नवरा-बायकोसुद्धा नियम पाळतात. एरवी ते कुठलाही पाळत नाहीत.

सोलांजला हे सगळं डाव्या हातचा मळ. लोक चालण्यावरून ओळखतात, बोटांवरून ओळखतात. ती श्वासावरून ओळखायची. बंदरावरच्या टेकाडावर आमचं कॉलेज आहे. तिथं ती तीस वर्षं साहित्य शिकवत होती, आणि पंचेचाळिशीच्या आतल्या प्रत्येकाला तिनं कधी ना कधी वर्गात उभं करून कविता वाचायला लावली होती. वाचणारा ओळ कुठं तोडतो, कुठं दम खातो, कुठं घाबरून पुढं पळतो, हे ती डोळे मिटून ऐकायची. एकदा ऐकलं की विसरायची नाही. पोलीस बोटांचे ठसे ठेवतात, तसे हिच्याकडे श्वासांचे.

शिकवायची मात्र छान. कडक होती, पण पोरं तिच्या तासाला पळून जायची नाहीत. एकदा मागाली नावाच्या मुलीनं धीर करून विचारलं होतं, “मादाम, कधीतरी तुमचीच एखादी कविता घ्या ना.”

“माझी कविता शिकवायला मी अजून मेले नाहीये,” सोलांज म्हणाली. “पान उलटा.”

कारण मादाम स्वतः कवी होत्या. साध्यासुध्या नाही. पाच संग्रह, पाचही मॉन्ट्रियलला छापलेले. तिसऱ्याला मोठं बक्षीस मिळालं, चौथ्यासाठी पॅरिसला बोलावणं आलं. तिथं एका सभागृहात तिनं आमच्या तांबड्या कड्यांवर आणि मिठानं कडक झालेल्या दोरांवर लिहिलेल्या कविता वाचल्या, तेव्हा पुढच्या रांगेतली मोत्यांची माळ घातलेली एक बाई चक्क रडली. सोलांज परत आली आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या दुकानात बटाटे घ्यायला गेली, तर गल्ल्यावरची लेओना म्हणाली, “काय गं, टीव्हीवर दिसलीस.”

“हो?” सोलांज थांबली.

“तो निळा कोट झकास होता. कुठून घेतलास?”

बेटावर तिच्या साहित्यसेवेची दखल घेतली गेली ती एवढीच.

तसं कोणी वाईट बोलत नव्हतं. बोलतच नव्हतं. आमच्याकडे माणसाला आडनाव नसल्यासारखंच असतं; तो अमक्याचा तमका असतो. ती एफ्रेमची सोलांज, एफ्रेमच्या नेक्तेरची बहीण, मास्तरीण, उत्तम क्रोकिन्योल, म्हणजे पिठाची गोड वेटोळी, तळणारी. मॉन्ट्रियलच्या वर्तमानपत्रांनी तिला समुद्राचा आवाज म्हटलं होतं. इथं समुद्राला स्वतःचा आवाज आहे आणि तो रात्रंदिवस ऐकू येतो, त्यामुळे या गोष्टीचं कोणाला अप्रूप नव्हतं.

पण तिला खुपायचं ते गावाचं नव्हे, नेक्तेरचं.

वडील एफ्रेम बोटीवर वारले तेव्हा नेक्तेर सोळा वर्षांचा होता आणि ती आठ. त्यानं शाळेचं दप्तर खुंटीला लावलं ते परत काढलं नाही. वडिलांची बोट घेतली, शेवंडीचे पिंजरे घेतले, आणि बहिणीला पुढं मॉन्ट्रियलला ठेवून शिकवलं. याबद्दल तो आजवर एक शब्द बोलला नव्हता. तीही बोलली नव्हती. तिनं फक्त एक कविता लिहिली होती, दुसऱ्या संग्रहात, ‘भावाचे हातमोजे’ नावाची. तिला विचाराल तर तिच्या सगळ्या लिखाणातली तेवढी एकच खरी. बाकीच्या सगळ्या तिच्या आसपास फिरणाऱ्या.

दर संग्रह निघाला की ती पहिली प्रत नेक्तेरला नेऊन द्यायची. तो विजारीला हात पुसायचा, पुस्तक दोन्ही हातांत धरायचा, वजन केल्यासारखं खालीवर करायचा.

“जाड झालंय हे,” तो म्हणायचा. किंवा, “मागच्यापेक्षा बारीक आहे गं.”

मग त्याची बायको अल्मा ते पुस्तक घेऊन काचेच्या कपाटात ठेवायची, चांगल्या कपबशांच्या शेजारी. दर रविवारी सोलांज तिथं जेवायला जायची तेव्हा पाचही पुस्तकं ताठ उभी असायची, नव्या नवरीसारखी, कुठं दुमड नाही की डाग नाही. जेवताना तिची नजर तिकडं जायचीच. उघडलेलं पुस्तक आणि न उघडलेलं पुस्तक तिला लांबूनही कळायचं; पोटापाण्याचा धंदाच तो.

तर त्या वर्षी मार्चमध्ये मॉन्ट्रियलच्या एका विद्यापीठातून फोन आला. दोन वर्षांसाठी या, कविता लिहू पाहणाऱ्यांना शिकवा, जमलं तर पुढं कायमचं बघू. शुक्रवारपर्यंत कळवा. सोलांजनं फोन ठेवला आणि स्टाफरूममध्ये समोर बसलेल्या गास्तोंला सांगून टाकलं. गास्तों गणित शिकवायचा. इतकी वर्षं ती दोघं एकाच खोलीत, एकाच खिडकीपाशी बसत होती आणि उघडायची की मिटायची यावर भांडत होती. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण कोणाला तरी सांगितल्याशिवाय तिलाही राहवेना.

“जाशील?” गास्तोंनं विचारलं.

“का जाऊ नये? इथं मला कोण वाचतं? भिंतीशी बोलत आले मी आयुष्यभर.”

“भिंतीला निदान कान असतात म्हणे.”

“मग बोलायला तोंडही असतं तर बरं झालं असतं.”

“आणि ही खिडकी?”

“घाल तुझ्या बोडक्यावर. उघडी ठेव, मिटून ठेव, काय करायचं ते कर.”

गास्तोंनं उठून खिडकी तिला हवी तशी करून दिली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की ती खरंच जाईल म्हणून तो घाबरलाय.

त्या रविवारी तिनं ठरवलं होतं की जेवताना नेक्तेरला सांगायचं. अल्मानं मासे-बटाट्याचा पो-ऑ-पो केला होता. वरचा पापुद्रा खुसखुशीत, आत रस्सा उकळतोय. सोलांजनं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा त्यात घास घातला. नेक्तेर बर्फ या वर्षी लवकर हललं, पिंजऱ्यांची तोंडं अजून विणायची राहिली, असं काहीबाही बोलत होता. तिला वाटलं, आपण इथून गेलो तर हा असाच बर्फाबद्दल बोलेल, आणि आपल्या खुर्चीवर जाळ्याचं भेंडोळं ठेवील.

“बुधवारी ये हं लवकर,” उठताना ती म्हणाली. मी-कारेमला तिच्या घरी बाकावर बसून हसायला तो दरवर्षी यायचा. वेष घेऊन मात्र कधीच नाही. एकदा पिंजरे ओढायच्या यंत्रात सापडून त्याचा गुडघा कायमचा आखडला होता, त्यामुळे त्याचं लंगडणं अंधारातसुद्धा कळायचं.

“या वर्षी नाही जमायचं,” नेक्तेर म्हणाला. “गुडघा लई छळतोय. टीव्ही बघत पडीन.”

सोलांजला ते लागलं. शेवटचं मी-कारेम, आणि हा टीव्ही बघणार. त्या क्षणी तिनं मनातल्या मनात मॉन्ट्रियलला होकार देऊन टाकला.

बुधवारी संध्याकाळी तिचं पिवळं घर माणसांनी गच्च भरलं. अल्मा तेवढी आली होती, क्रोकिन्योल तळायला. बाकांवर शेजारीपाजारी, लेओना, मागाली आणि तिच्या वर्गातल्या तीन मुली खेटून बसल्या होत्या. दार उघडलं की वारा आणि वेषधारी एकदमच आत यायचे.

आधी बिशप आले. जांभळा पडदा पांघरलेले, डोक्यावर पुठ्ठ्याची टोपी, हातात झाडूचा दांडा. त्यांनी आल्याआल्या सगळ्यांना आशीर्वाद दिले आणि लेओनाला दोनदा दिले.

“लेओनाला दोन का?” कोणीतरी ओरडलं.

“तिची पापं दुप्पट आहेत,” बिशप श्वास ओढत म्हणाले.

“प्लंबर आहे तो,” सोलांजनं डोळेही न उघडता सांगितलं. “वर्गात कविता वाचताना जिथं नाक ओढायचा तिथंच अजून ओढतो.”

पडदा निघाला. प्लंबरच होता. हास्याचा एकच गडगडाट झाला. मागोमाग मिशीवाली नवरी आली. ती दोन वाक्यांत पकडली गेली. पोटुशी नन आली. तिला ओळखायला एक उसासा पुरला. लोक टाळ्या पिटत होते, आणि सोलांज दर टाळीला थोडी थोडी उदास होत होती. हे मॉन्ट्रियलला कुठून आणायचं? तिथं कोणाचाच श्वास तिच्या ओळखीचा नव्हता.

मग दार पुन्हा उघडलं, आणि आत शिरला मासळीचा मोठा निळा टब. चार चाकांच्या गाड्यावर ठेवलेला, मागून ढकलणारी एक धिप्पाड नर्स, आणि टबात, रजयांमध्ये, एक अवाढव्य बाळ.

घर हसून हसून पडायला आलं. बाळाच्या डोक्यावर उशीच्या अभ्र्याचं टोपडं होतं, तोंडावर लेसचा पडदा, गळ्याला टेबलक्लॉथएवढं लाळेरं. एका हातात बूच लावलेली दुधाची बाटली. तिच्यातलं दूध बगोसच्या रंगाचं होतं. दुसऱ्या हातात खुळखुळा म्हणून पिंजऱ्याचा तरंगता गोळा, आत खडे भरलेला.

“किती महिन्यांचं?” लेओनानं विचारलं.

“सहा,” बाळ श्वास ओढत किंचाळलं. बिजागरी करकरावी तसा आवाज.

“बाप कोण?”

“आईलाही नक्की आठवत नाही.”

“दात आलेत का?”

“आले, गेले, आता डॉक्टरचे आहेत.”

सोलांजनं आधी नर्सकडे मोर्चा वळवला. नर्स बोलताना उजव्या हाताचं बोट हवेत नाचवत होती, फळ्यावर समीकरण लिहिल्यासारखं.

“गास्तों, पडदा काढ. आणि त्या बाईचा ड्रेस तुझ्या बायकोला विचारून घेतलायस का?”

गास्तोंनं घामेजलेला चेहरा बाहेर काढला, पेला एका दमात संपवला आणि बाकावर जाऊन बसला. तो तिच्याकडे बघत नव्हता. एरवी हरल्यावर तो तासभर वाद घालायचा.

आता उरलं बाळ. गास्तोंनं आणलंय म्हणजे कॉलेजमधलंच कोणीतरी, हे उघड होतं. सोलांज टबापाशी गेली. दरवर्षी ती शेवटी एकच करायची: बडबडगीत म्हणायला लावायची. चार ओळी म्हटल्या की माणूस उघडा पडतो.

“बाळा,” ती म्हणाली, “म्हण बघू काहीतरी. कुठलंही.”

बाळानं बाटलीतून मोठा घोट घेतला. खुळखुळा मांडीवर ठेवला. हाताची घडी घातली, शाळेत उभं केल्यावर घालतात तशी. आणि त्या करकरत्या आवाजात सुरू केलं:

“माझ्या भावाचे हातमोजे चुलीपाशी वाळतात,
त्यांच्यातून थेंब थेंब समुद्र गळतो.”

लोक हसले. आवाजच तसा होता. बाळ थांबलं, दम घेतला, पुढं गेलं:

“त्याच चुलीपाशी मी अक्षरं गिरवते.
शिकणारे दोन हात माझे, भिजणारे दोन त्याचे.”

आता कोणी हसत नव्हतं. अल्माच्या कढईतला क्रोकिन्योल तेवढा तडतडत होता. श्वास आत ओढून बोलत असल्यामुळे प्रत्येक ओळ बाहेर येण्याऐवजी आत चालल्यासारखी वाटत होती, जणू बाळ ती गिळत होतं. सोलांजनं आपल्या कविता सभागृहांत, रेडिओवर, मोत्यांच्या माळेसमोर वाचल्या होत्या. त्या अशा कधीच ऐकल्या नव्हत्या.

“देवा, तू मध्ये पडून हिशेब करू नकोस.
चूल एकच आहे,
दोघांना ती पुरू दे.”

शेवटच्या ओळीवर बाळाचा आवाज फाटला. ते लगेच खोकलं आणि त्यानं बाटली तोंडाला लावली.

मग मागाली टाळ्या वाजवायला लागली आणि सगळ्यांनी तिच्यामागून वाजवल्या. सोलांज दोन्ही हातांनी टबाची कड धरून उभी होती. तिला इतका आनंद होत होता की तो सहन होईना. कोणीतरी हे पाठ केलंय. या बेटावर, कोणीतरी, बसून, एकेक ओळ.

“ओळख आता!” लेओना ओरडली. “ओळख की गं!”

“प्रिन्सिपॉल,” सोलांज म्हणाली.

बाळानं खुळखुळा वाजवला. चूक. घरभर आरडाओरडा झाला. सोलांजचं पहिलं नाव चुकलेलं कोणी पाहिलंच नव्हतं.

“व्यायामशाळेचा बर्त्रां.”

खुळखुळा पुन्हा वाजला. “तिसरं! तिसरं!” बाकांवर लोक पाय आपटायला लागले.

तिसरं नाव तिच्या ओठांवर होतं. खरं सांगायचं तर ते पहिल्यापासून होतं, बाळानं हातांची घडी घातली तेव्हापासून. पण ते नाव घेतलं आणि खुळखुळा वाजला, तर? पडद्याआड गास्तोंचा कोणी भाचा असला, तर? मग ज्याच्यासाठी ती कविता लिहिली त्यानं ती ऐकलीच नाही, हे सगळ्या गावासमोर कायमचं ठरलं असतं. आज तिचा कान तिला काही सांगत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिची त्याच्यावर विश्वास ठेवायची हिंमत होत नव्हती.

तिनं अल्माकडे पाहिलं. अल्मा कढईत इतकी डोकं घालून बसली होती, की केस तळले जायचे.

“पोस्टमास्तर,” सोलांज म्हणाली.

खुळखुळा असा वाजला की आतले खडे फुटले असावेत. बाळ जिंकलं! गास्तोंनं धावत जाऊन टब पकडला, लोकांनी बाळाच्या अंगावर क्रोकिन्योल फेकले, बाळानं त्यातले दोन हवेतच झेलले, आणि ती वरात दाराबाहेर पडली. उतारावरून टबाची चाकं खडखडत गेल्याचा आवाज आला, मग गास्तोंची किंकाळी, मग दोन माणसांचं हसणं. त्यातलं बाळाचं हसणं आता श्वास आत ओढून केलेलं नव्हतं. पण वारा फार होता.

सकाळी सोलांज खाडीवरच्या शेडमध्ये गेली. नेक्तेर पिंजऱ्यांच्या राशीत, आखडलेला पाय लांब करून, लाकडी सुईनं हिरव्या दोऱ्याची जाळी विणत होता. अल्मा स्टोव्हपाशी कॉफीचा मग घेऊन बसली होती.

“काय म्हणतोस?”

“मजेत,” नेक्तेर म्हणाला. म्हणजे म्हणायला गेला. घशातून नुसता खर्रर्र आवाज निघाला.

“घसा बसलाय तुझा.”

“वारा.”

“घरात टीव्ही बघताना वारा लागला?”

“खिडकी उघडी होती.”

सोलांज एका पिंजऱ्यावर टेकली. विचारायचं नाही, हा नियम होता. तिनं तो आयुष्यभर पाळला होता, पण इतका जड कधी गेला नव्हता.

“काय होतं टीव्हीवर?”

नेक्तेरनं विचार केला. “हॉकी.”

“काल हॉकी नव्हती,” अल्मा मगात तोंड घालून म्हणाली.

“तू गप गं.”

मग सोलांज म्हणाली, “मला मॉन्ट्रियलहून बोलावणं आलंय.”

“ठाऊक आहे.”

“कोणी सांगितलं?”

“गास्तोंनं अल्माला, सोसायटीच्या दुकानात. म्हणजे लेओनासमोर. आता फादरसुद्धा रविवारी तुझ्या प्रवासासाठी प्रार्थना घेणारेत.” त्यानं खोकून घसा मोकळा करून पाहिला. “चांगली जागा आहे म्हणे. जा. एवढं शिकलीस ते काय इथं माझं तोंड बघायला? तू इथं राहावंस म्हणून कोणी भिजलं नाही.”

तो एका दमात इतकं कधीच बोलत नसे. सोलांजला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही.

“मी नाही जात,” ती म्हणाली.

नेक्तेरच्या हातातली सुई खाली पडली. “का?”

“काल माझ्याकडे एक बाळ आलं होतं. मला ते ओळखता आलं नाही. आता गेले तर लोक म्हणतील, सोलांज हरली आणि पळाली.”

“अगं पण ते बाळ तुला निरोप द्यायला—” नेक्तेर थांबला. त्याचे कान लाल झाले. “म्हणजे, आलं असेल. निरोप द्यायला. मला काय ठाऊक? मी टीव्ही बघत होतो.”

“निरोप द्यायचा होता तर त्यानं भलतीच कविता निवडली. ती ऐकून कोण घर सोडून जाईल?”

नेक्तेरनं सुई उचलली, फुंकर मारली, परत खाली ठेवली. त्याला जे म्हणायचं होतं ते म्हणायला तोंडावर पडदा नव्हता, आणि म्हटलं असतं तर कालचं सगळं कबूल करावं लागलं असतं. बिचाऱ्याची चांगलीच पंचाईत झाली होती.

“मग कुठली निवडायला पाहिजे होती त्यानं?” शेवटी त्यानं विचारलं.

“पाचव्या पुस्तकात आहे एक. बंदरातून बोट निघते ती.”

“पाचवं!” नेक्तेर उसळला. “पाचव्यात काय आहे? पाचव्यात तू नुसतं पॅरिस-पॅरिस केलंयस! चौथ्यापर्यंत बरी चालली होतीस. चौथ्यातली ती सीलच्या पिल्लाची, ती वाचली की—”

त्यानं जीभ चावली.

“असं त्या बाळाचं मत असावं,” अल्मा गंभीरपणे म्हणाली. “जाळी विणताना हात गुंतलेले असतात ना, म्हणून हिवाळ्यात कोणीतरी बाळाला वाचून दाखवत असेल. हात नीट पुसून, पुस्तक सांभाळून. आणि बाळाला आवडलं नाही की ते दोरा तोडत असेल.”

“पाचव्याच्या वेळी किती तोडला?” सोलांजनं विचारलं.

“अख्खं भेंडोळं.”

सोलांज हसायला लागली. तीस वर्षं ती ज्याची वाट बघत होती ते हे होतं, आणि ते असं शेडमध्ये, माशांच्या वासात, घसा बसलेल्या आवाजात यावं! तिला पाचव्या पुस्तकाची बाजू घ्यायची होती. तिनं घेतलीच. पॅरिस तिथं का आहे हे तिनं सांगितलं, आणि नेक्तेरनं ते अजिबात मान्य केलं नाही. दोघं खर्जात आणि टिपेत भांडत राहिली, अल्मानं कॉफी दोनदा गरम केली. सोलांजनं तिथूनच मॉन्ट्रियलला फोन लावून नाही म्हणून सांगितलं. पलीकडच्या बाईंनी कारण विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “माझ्या पाचव्या संग्रहावर इथं कडक टीका चालू आहे. मला हजर राहिलं पाहिजे.”

निघताना ती दारात थांबली.

“पुढच्या वर्षी त्या बाळाला मी पहिल्या फटक्यात ओळखणार.”

“नाही ओळखायचीस,” नेक्तेर जाळीवरून मान वर न करता म्हणाला. मग सुईला नवा दोरा भरता भरता त्यानं विचारलं, “सहावं पुस्तक कधी निघतंय?”

“का रे?”

“पाठ करायला वेळ लागतो,” तो म्हणाला. “बाळाला.”